कुर्ट बोइस: एका दुय्यम नटाची वाणी

हॉलिवुडच्या किरकोळ भूमिकांतील नटांचा इतिहास लिहावयाचा तर त्यांच्या उच्चारांपासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कुर्ट बोइस हा ज्यू नट १९०१ साली बर्लिन येथे जन्मला व बालवयातच रंगभूमीवर आला. नाझी सत्तेवर आल्यावर त्यास देश सोडावा लागला. पुढे १९४० च्या एका ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात त्याच्याच १९२७ च्या विनोदी चित्रपटातील दृश्य घुसडण्यात आले. त्या सुमारास तो अमेरिकेत लहानसहान परकीयांची सोंगे वठवीत होता. त्याच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीस तेथे दुसरी मागणी नव्हती.

'कासाब्लांका' (१९४२) मध्ये तो खिसेकापू आहे. एका इंग्रज दांपत्यास तो गावातील लुच्च्यांपासून सावध राहण्याचा कळकळीचा इशारा देतो आणि त्या सलगीतच गृहस्थाचे पाकीट लांबवितो. येथे चोरीचे खरे हत्यार बोलणेच होय! प्रसंग क्षणभराचा, परंतु भाषेच्या अभ्यासकास तो विसरणे कठीण.

१९५० साली तो बर्लिनला परतला. ब्रेख्तच्या नाट्यसंस्थेत त्याने पुंटिला ही प्रमुख भूमिका केली. विम वेंडर्स यांच्या १९८७ च्या चित्रपटात तो वृद्ध कथेकरी आहे. भिंतीलगतच्या ओसाड जागेत तो पोट्सडामचा चौक शोधीत हिंडतो, स्वतःच्या भाषेत पुटपुटत.