दोन ग्राफिक्स कार्डें आणि एक मदरबोर्ड

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेकडील मांजर्ली हा भाग आज कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतो. खेळांसाठीं संगणक जुळविण्याची हौस असलेला येथील तरुण लोकलनें दादरला उतरतो, गाडी बदलून ग्रँट रोडला जातो आणि लॅमिंग्टन रोडवरील दुकानांच्या रांगेपुढें उभा राहतो. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव मिरविणाऱ्या या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण सुट्या भागांची ही बाजारपेठ जुन्याच नांवानें ओळखली जाते. तेथें त्याच्यापुढें पेंच पडतो तो असा: दोन ग्राफिक्स कार्डें बसतील असा महाग मदरबोर्ड घ्यावा, कीं एकाच कार्डापुरता साधा? घरांत महिनोन्‌महिने साठविलेले पैसे खिशांत असतां हा पेंच लहान नव्हे. त्याचें उत्तर मात्र दुकानाच्या भावपत्रकांत सांपडत नाहीं. तें गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासांत शोधावें लागतें.

मदरबोर्ड स्वतः गणित करीत नाहीं कीं चित्र काढीत नाहीं. तो संगणकाचा चव्हाटा होय. सगळ्यांची देवाणघेवाण त्याच्यावरून चालते. १९८१ सालीं निघालेल्या आय.बी.एम.च्या पी.सी.मध्यें अशा बोर्डावर पांच स्लॉट होते. आज गरजेपुरतें घ्यावें, उद्यां ऐपत झाल्यावर नवें कार्ड बसवावें, ही सोय तेथून रूढ झाली. रिकामा स्लॉट म्हणजे भविष्याविषयीं दिलेलें एक आश्वासनच.

या आश्वासनाचा सर्वांत मोहक अवतार १९९८ सालीं आला. थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीनें व्हूडू-२ हें कार्ड काढलें. तशीं दोन कार्डें एका पट्टीसारख्या तारेनें जोडलीं कीं पडद्यावरील एकाआड एक ओळी तीं वांटून घेत. एकट्या कार्डाची मजल आडव्या ८०० व उभ्या ६०० बिंदूंपर्यंत. जोडीची १०२४ व ७६८ पर्यंत. साध्या चित्रासाठीं निराळें कार्ड लागेच. म्हणजे मदरबोर्डावरील तीन स्लॉट एका हौसेपायीं अडत. या पद्धतीस एस.एल.आय. हें नांव मिळालें.

पण पुढें चित्रासाठीं ए.जी.पी. नांवाचा खास स्लॉट प्रचारांत आला, आणि तो सामान्यतः बोर्डावर एकच असे. दुसऱ्या कार्डाला जागाच उरली नाहीं. डिसेंबर २००० मध्यें थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानें घेण्याचें ठरलें. जोडीचा पहिला अध्याय असा बोर्डाच्या रचनेनेंच संपविला.

दुसरा अध्यायही बोर्डानेंच उघडला. पी.सी.आय. एक्सप्रेस या नव्या व्यवस्थेंत वाहतूक लेनमधून, म्हणजे स्वतंत्र मार्गिकांतून, होऊं लागली. २००४ सालीं एनव्हिडियानें एस.एल.आय. हीं जुनींच अक्षरें नव्या अर्थानें पुढें आणलीं. २००५ सालीं ए.टी.आय.नें क्रॉसफायर काढलें. परंतु मार्ग सोळाच होते. त्या वेळच्या कित्येक बोर्डांवर एक छोटीशी पाटी उलटी करून बसविली कीं सोळांचे आठ-आठ होत. दोन भावांत एकाच वाड्याची वांटणी व्हावी, तसाच हा प्रकार.

त्या काळीं बोर्ड निवडणें म्हणजे कार्डाचा पक्ष निवडणें होतें. एस.एल.आय. हवें तर बहुधा एनव्हिडियाच्याच चिपसेटचा बोर्ड घ्यावा लागे. २००८ सालीं इंटेलच्या एक्स-५८ चिपसेटच्या बोर्डांस परवानगी मिळाली, तेव्हां हें बंधन सैल झालें. एस.एल.आय.ला प्रत्येक कार्डामागें निदान आठ लेन लागत, क्रॉसफायर चारांवरही भागवी. म्हणून जाणता ग्राहक स्लॉटची लांबी न पाहतां त्याच्यामागें लेन किती आहेत तें पाही. दोन स्लॉटांमधील अंतरही तो मोजी. कारण कार्डें चिकटून बसलीं तर वरचें कार्ड खालच्याची ऊन हवा ओढून घेई, आणि उन्हाळ्यांत पारा चाळिशी गांठणाऱ्या बदलापुरांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हती.

दोघांना कामास लावलें म्हणजे काम दुप्पट होतें, हा हिशेब मात्र खोटा ठरला. महाराष्ट्रास हा धडा नवा नव्हता. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जुंपूनच तो चाले. आणि तेथें खरें कसब प्रक्रियक जमविण्यांत नसून कामाची वांटणी करण्यांत व निरोपांची ने-आण साधण्यांत होतें. खेळांत तर ही वांटणी फार अवघड. बहुधा एक चित्र एका कार्डानें, पुढचें दुसऱ्यानें काढावें अशी रीत होती. चित्रांची संख्या वाढे, पण तीं सारख्या अंतरानें येत नसत; मोजणींत वेग दिसे आणि डोळ्यांस अडखळ जाणवे. शिवाय दोन्ही कार्डांना बहुतेक सामग्रीची आपापली प्रत ठेवावी लागे, म्हणून स्मृतीची बेरीज होत नसे.

यापेक्षांही मोठा तोटा मध्यमवर्गीय घरास झाला. ‘आज एक, दोन वर्षांनीं दुसरें’ हा विचार काटकसरीचा वाटे. प्रत्यक्षांत दोन वर्षांनीं तेंच कार्ड बाजारांतून नाहींसें झालेलें असे, नाहींतर नवें एकच कार्ड जुन्या जोडीच्या तोडीचें निघे. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ नें जोडी चालविण्याचा भार खेळ लिहिणारांवर टाकला. तो उचलणारे थोडेच निघाले. २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला जोडणीची सोयच नव्हती. २०२० च्या आरटीएक्स मालिकेंत ती ३०९० पुरती उरली, १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानें जुन्या कार्डांसाठीं नवे एस.एल.आय. प्रोफाइल देणें थांबविलें, आणि २०२२ च्या ४०९० मधून ती सोयही गेली. बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट मात्र अजून दिसतो. पुष्कळदां त्याच्यामागें चारच लेन असतात.

तेव्हां केवळ खेळांसाठीं संगणक जुळविणारानें त्या रिकाम्या स्लॉटाचे पैसे मोजूं नयेत. तेच एका चांगल्या कार्डांत व भरंवशाच्या पॉवर सप्लायमध्यें घालावेत. ज्यास त्रिमितीय चित्रें रंगवावयाचीं आहेत, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचीं मॉडेलें घरींच चालवावयाचीं आहेत, त्याला दोन कार्डांचा उपयोग आजही आहे; कारण तेथें काम खरोखर वांटतां येतें. त्यानें प्रक्रियकाच्या लेन आठ-आठ वांटणारा बोर्ड मागावा, आणि दुकानदाराच्या शब्दावर न जातां बोर्डाच्या माहितीपुस्तिकेंतील तो तक्ता स्वतः वाचावा. बदलापूरच्या गाडींत गर्दीतून खोकें सांभाळीत परतणाऱ्यानें निदान एवढी खातरी करून घेतलेली असावी कीं, आंत आहे ती वस्तु आजच्या कामाची आहे. उद्यांच्या आश्वासनाची नव्हे.