आगकाड्यांची मौज

खाडीपलीकडे उलव्यांत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतील एखाद्या घरांत सायंकाळीं डोकावलें, तर एक देखावा हटकून दिसतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक निळें मांजर चालत असतें, तें हिंदींत बोलतें, आणि समोर बसलेलें मूल त्याला मराठींत उत्तर देतें. मांजर मूळचें जपानी. त्याचें घर, त्याची गल्ली, त्याची शाळा सारें जपानी. तरीही मुलाला त्यांत कांहीं परकें वाटत नाहीं. काढलेल्या चित्राला देश नसतो, आणि त्याच्या तोंडीं कोणतीही भाषा घातली तरी चालते, अशीच मोठ्यांचीही समजूत असते.

ही समजूत पारखून पाहण्याचें काम अलीकडच्या काळांत विद्वानांनीं हातीं घेतलें आहे. १९८७ सालीं या चित्रांच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. इटालियन इतिहासकार जानआल्बेर्तो बेन्दात्सी यांनीं १९८८ सालीं या कलेचा जगाचा इतिहास लिहिला व पुढें २०१६ सालीं तो तीन खंडांपर्यंत वाढविला. आशिया खंडापुरता असा ग्रंथ अमेरिकन अभ्यासक जॉन लेंट यांनीं २००१ सालीं संपादित केला. या अभ्यासांतील एक मोठी अडचण मात्र ग्रंथालयांत बसून पुरतेपणीं कळत नाहीं. ती कळण्यास महाराष्ट्रांतलेंच, नाशिकचें एक उदाहरण उपयोगी पडेल. आणि तें आगपेटींतल्या काड्यांचें आहे.

दादासाहेब फाळके यांचें नांव ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. ३ मे १९१३ रोजीं तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास तेथून मोजण्याची प्रथा पडली. पण त्यापूर्वीं, १९१२ सालीं, लंडनहून कॅमेरा व इतर यंत्रसामग्री घेऊन परतल्यावर फाळके यांनीं जें पहिलें चित्र घेतलें, त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती. होता फक्त कुंडींत पेरलेला वाटाणा. त्याच्या वेलाचीं चित्रें त्यांनीं दिवसामागून दिवस ठराविक अंतरानें एकेक करून घेतलीं. आणि महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर कांहीं क्षणांत उलगडली. भांडवल देणाऱ्या गृहस्थाची खात्री पटविण्यासाठीं हा खटाटोप होता, आणि ती पटलीही.

या वाटाण्यांतच पुढच्या आगकाड्यांचें बीज होतें. १९१४ सालीं फाळके आपले चित्रपट घेऊन दुसऱ्यांदा लंडनला गेले. तोंच महायुद्ध पेटलें. ते परत आले तेव्हां पैशाची चणचण होती व सागरी व्यापार विस्कळित झाल्यामुळें कोरी फिल्मही जपून वापरावी लागत होती. अशा दिवसांत, १९१५ सालीं, त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हें छोटेखानी चित्र केलें. त्यास नट लागत नव्हते, पोषाख लागत नव्हते, देखावे रंगवावे लागत नव्हते. लागत होती एक आगपेटी आणि अपार धीर.

हा धीर किती, याचा हिशेब सोपा आहे. मूकपटाच्या काळीं दर सेकंदास साधारण सोळा चित्रें पडद्यावरून जात. म्हणजे एक मिनिटभर काड्या नाचवावयाच्या तर त्यांची मांडणी ९६० वेळां टिपली पाहिजे. काडी केसभर सरकवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां काडी सरकवावयाची. मध्येंच एखादी काडी कलंडली तर सारी मांडणी आठवून पूर्ववत् करावयाची. प्रेक्षकाला हा हात कधींच दिसत नाहीं. काड्या आपण होऊन उठल्या, असेंच त्याला वाटतें.

चमत्कार असा कीं, हीच कल्पना त्याच सुमारास आणखी दोन देशांत अवतरली होती. पॅरिसमध्यें एमिल कोल या व्यंगचित्रकारानें १९०८ सालीं सुमारें सातशें रेखाचित्रांतून ‘फांतास्मागोरी’ हें चित्र तयार केलें, आणि त्याच वर्षीं आगकाड्यांनाही जिवंत केलें. इंग्लंडांत आर्थर मेलबर्न-कूपर यांच्या एका चित्रांत काड्यांचा माणूस शिडीवर चढून भिंतीवर आवाहन लिहितो : सैनिकांना आगपेट्या पाठवा. हें आवाहन कोणत्या युद्धाचें, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. तें बोअर युद्धाचें मानलें तर चित्र १८९९ चें ठरतें आणि जगांतील अशा चित्रांत अगदीं पहिल्या ओळींत जातें. पहिल्या महायुद्धाचें मानलें तर १९१४ चें ठरतें, आणि त्याचें आद्यत्व तत्काळ नाहींसें होतें. चित्र समोर असूनही त्याचें साल ठरत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मग नाशिकच्या काड्यांनीं पॅरिसच्या काड्यांची नक्कल केली काय? असें मानण्याची गरज नाहीं. उत्तर काडींतच आहे. ती हलकी असते, ताठ असते, दोन बोटांत सहज धरतां येते, दिव्याच्या उष्णतेनें वाकत नाहीं. आणि मुख्य म्हणजे तिला एका टोकाला गुल असतो. चार काड्या मांडल्या कीं हातपाय होतात, गुलाचें डोकें होतें, आणि माणूस तयार. जो कोणी निर्जीव वस्तु हलवून पाहण्याच्या विचारांत असेल, त्याचा हात बहुधा आगपेटीकडेच जाईल. साम्य दिसलें कीं अनुकरण झालें असें म्हणणें, हा तौलनिक अभ्यासांतला सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा निष्कर्ष होय.

दुसरा धोका शब्दांचा आहे. ज्या कलेला मराठींत आज सचेतपट म्हणतात, तिला निरनिराळ्या भाषांनीं निरनिराळीं नांवें दिलीं आहेत, आणि प्रत्येक नांवांत एक वेगळी दृष्टि आहे. इंग्रजी नांवांत प्राण घालण्याची कल्पना आहे. जर्मन लोक तिला हिकमतीचें चित्र म्हणत आले. रशियन भाषेंत रूढ असलेल्या शब्दाचा मूळ अर्थ गुणाकार असा आहे, कारण एकाचीं अनेक चित्रें करावयाचीं असतात. चिनी भाषेंत तिला ललितकलेचा चित्रपट म्हणतात. म्हणजे एकाच वस्तूंत कोणाला जीव दिसला, कोणाला हिकमत, कोणाला गणित, तर कोणाला चित्रकला.

फाळके यांनीं आपल्या चित्राच्या नांवांत ‘मौज’ हा शब्द घातला. इंग्रजी ग्रंथांत त्याचें भाषांतर गंमत किंवा करमणूक अशा अर्थाच्या शब्दानें होतें, आणि तेथें अर्थाचा एक पदर निसटतो. मराठींत मौज नुसती केली जात नाहीं, ती पाहिलीही जाते. बाजारांत गारुडी बसला कीं लोक मौज पाहण्यास उभे राहतात. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. एका जर्मन जादूगाराकडून ती विद्या त्यांनीं घेतली होती आणि आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें ते रंगमंचावर येत. त्यांच्या दृष्टीनें उड्या मारणारी काडी आणि टोपींतून निघणारें कबूतर हीं एकाच कुळांतलीं. आजच्या अभ्यासकानें तें चित्र सचेतपटाच्या कप्प्यांत टाकलें तर तें चुकीचें नव्हे. पण तो कप्पा मागाहून केलेला आहे, हें त्यानें विसरूं नये.

या जादूला महाराष्ट्रांत पूर्वपीठिकाही होती. कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालापासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दीपचित्रांचे प्रयोग केले. कांचांवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर टाकावयाचीं, आणि तीं चपळाईनें बदलून आकृति हलल्याचा भास निर्माण करावयाचा, अशी त्याची रचना होती. मायावी शंबरासुराची आठवण करून देणारें हें नांव विषयाला फार शोभून दिसतें. दक्षिणेकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजांत चित्रकथी व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. परंतु या दोहोंना सचेतपटाचे सरळ पूर्वज म्हणणें घाईचें होईल. पिंगुळीची बाहुली प्रेक्षकांसमक्ष हलते. आगकाडी कॅमेऱ्यासमोर एकदांही हलत नाहीं. ती दोन चित्रांच्या मधल्या अंधारांत हलते. हा भेद बारीक असला तरी सारी कला त्यावर उभी आहे.

फाळके यांच्यानंतरचा मार्ग अधिक परिचयाचा आहे. १९३४ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनींत रघुनाथ केळकर यांनीं ‘जंबूकाका’ हें कोल्ह्याचें व्यंगपट-चित्र केलें; त्याच वर्षीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचें ‘पी ब्रदर्स’ निघालें. १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग निघाला. तेथील तरुणांना शिकविण्यास डिस्नेच्या संस्थेंतले क्लेअर वीक्स आले, आणि १९५७ सालीं जातककथेवरचें एक हरणाचें चित्र तयार झालें. त्याच विभागांत शिकलेले राम मोहन यांनीं पुढें जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावर चित्रपट केला. तो १९९२ सालीं पुरा झाला. विजया मुळे यांनीं १९७४ सालीं ‘एक अनेक और एकता’ या छोट्या चित्रांत जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनी कथा घेतली, आणि तें चित्र दूरदर्शनवरून एका पिढीच्या ओठांवर बसलें. चित्रांना भाषेची अडचण नसते असें म्हणणाऱ्यांनीं यांतलें एक सत्य पाहावें : अडचण नसते ती कथेला, चित्राचा इतिहास मात्र कोणत्या तरी एका भाषेंतच लिहून ठेवलेला असतो.

‘आगकाड्यांची मौज’ या चित्राच्या बाबतींत तर तेवढेंच उरलें आहे. त्या चित्राची प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, स्वतः आगकाडीहून ज्वालाग्राही. कांहीं जळाली, कांहीं कुजली, कांहीं चांदीसाठीं वितळविली गेली. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, म्हणजे फाळके यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं. तेथील पी. के. नायर यांनीं फाळके कुटुंबियांकडून व इतरत्र हिंडून जीं रिळें मिळविलीं, त्यांत ‘राजा हरिश्चंद्र’चे अवशेष आहेत, ‘कालिया मर्दन’ आहे, चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारें एक लहान चित्रही आहे. आगकाड्या नाहींत.

म्हणून जागतिक इतिहासांत कोलला प्रकरण मिळतें, मेलबर्न-कूपरला वाद मिळतो, आणि फाळके यांच्या वांट्याला एखादी ओळ येते. याचा दोष कोणा परदेशी विद्वानाला देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. जें पाहतां येत नाहीं त्याची तुलना तो कशी करणार? इंग्लंडांतला वाद शक्य झाला तो चित्र जपलें गेलें म्हणून. त्याचप्रमाणें, भारतांतलें पहिलें सचेतचित्र आमचें, अशी नुसती घोषणा करून कांहीं साधत नाहीं. आद्यत्वाचा मान पुराव्याच्या मागून चालतो.

जें करतां येण्यासारखें आहे, तें मराठी वाचकाच्या हातांत आहे. फाळके यांनीं १९१७-१८ सालीं ‘नवयुग’ मासिकांत भारतीय चित्रपटासंबंधीं स्वतः लेख लिहिले. त्या काळचीं मासिकें, चित्रगृहांच्या जाहिराती, हस्तपत्रकें, घरगुती पत्रव्यवहार यांवर अद्याप धूळ आहे, आणि हें साहित्य मराठींत आहे. तें वाचून, ताडून पाहून, इतर भाषांच्या अभ्यासकांपुढें नीट मांडणें हें काम मराठी जाणणाराच करूं शकेल. माळ्यावरच्या ट्रंकेंत जुनें रीळ किंवा पिवळें पडलेलें पत्रक सांपडलें, तर तें रद्दींत न जातां संग्रहालयाकडे जावें, एवढी दक्षता तर कोणत्याही घराला घेतां येईल.

उलव्यांतल्या त्या मुलाला निळ्या मांजराचें गांव ठाऊक असण्याची जरूरी नाहीं; तें आनंदानें पाहत आहे, तेवढें पुरे. पण एखाद्या दिवशीं त्यानें विचारलेंच कीं, आपल्याकडे अशीं चित्रें पहिल्यानें कोणी केलीं, तर त्याला नाशिकच्या त्या आगपेटीची गोष्ट सांगतां आली पाहिजे. आणि ती सांगतांना, चित्र कां दाखवितां येत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.