अमायनो ॲसिड, वजनाचा काटा आणि आपलं डरहॅम



हल्ली कॅरीत कुणाकडेही गेलं की फ्रिजवर बीसीएएचा नाहीतर कॉलेजनचा भला मोठा डबा दिसतो. वजन उतरवायला म्हणून आणलेला. या डब्याच्या इतिहासातला बराच भाग आपल्यापासून अर्ध्या तासावर, डरहॅममध्ये घडलाय. म्हणून हा प्रपंच.

आधी थोडं बेसिक. प्रथिनं म्हणजे अमायनो ॲसिड्सच्या माळा. वीसपैकी नऊ मणी शरीराला बनवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरणभात कालवला की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. डाळींच्या प्रथिनांवर आपल्या कमला सोहोनींनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम केलं. (केंब्रिजची पीएचडी, १९३९. त्याआधी बंगलोरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

त्याच १९३९ मध्ये इकडे ड्यूकमध्ये वॉल्टर केम्पनर या जर्मनीहून आलेल्या डॉक्टरने रक्तदाबाच्या आणि किडनीच्या रोग्यांना भात, फळं आणि साखर एवढ्यावर ठेवायला सुरुवात केली. प्रथिनं दिवसाला जेमतेम २० ग्रॅम! वजनही भराभर उतरायचं, त्यामुळे पुढे लठ्ठ मंडळींची डरहॅमला रीघ लागली. पण रोगी डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असत, रक्त-लघवी सतत तपासली जाई.

१९७६ मध्ये रॉबर्ट लिन यांचं 'द लास्ट चान्स डाएट' आलं आणि सगळं उलटं झालं. जेवण बंद, फक्त द्रवरूप प्रथिन प्यायचं. हे प्रथिन म्हणजे कत्तलखान्यातली कातडी, शिरा वगैरेंतून काढलेलं कॉलेजन. त्यात ट्रिप्टोफॅन मुळातच नसतं, म्हणजे नवातला एक मणी गायब. काटा मात्र झरझर खाली! शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खात होतं, हृदयाचासुद्धा. त्यात पोटॅशियमसारख्या क्षारांची वानवा. सुमारे साठ जणांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यातले कित्येक हृदयाचे ठोके बिघडून अचानक गेले, आणि त्यांत तरुण बायका बऱ्याच होत्या. आजच्या डब्यातलं कॉलेजन हे त्याच जातीचं प्रथिन. जेवणासोबत चमचाभर घेतलं तर ठीक, जेवणाऐवजी नको.

पुढे १९८९ मध्ये खुद्द ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी घोटाळा केला. झोपेसाठी, मूडसाठी लोक त्या घेत. शोवा डेन्को या जपानी कंपनीच्या मालात भेसळ निघाली. दीड हजारावर लोक आजारी पडले, निदान ३७ दगावले. एवढं होऊनही १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट्सना बाजारात येण्याआधी एफडीएची मंजुरी लागणार नाही असंच ठरलं. टेस्टिंगशिवाय थेट प्रॉडक्शनला, आपल्या भाषेत.

आणि आता बीसीएए, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. २००९ मध्ये ड्यूकच्याच ख्रिस्तोफर न्यूगार्ड यांच्या गटाने लठ्ठ आणि सडपातळ माणसांचं रक्त ताडून पाहिलं, तर लठ्ठांच्या रक्तात ही तीन जास्त. मग उंदरांना चरबीयुक्त खाण्यासोबत बीसीएए दिलं. हे उंदीर कमी खायला लागले, नुसत्या चरबीवाल्यांपेक्षा त्यांचं वजनही कमी राहिलं. जाहिरातवाल्यांना याहून काय हवं? पण इन्शुलिनला दाद न देण्यात हे बारके उंदीर त्या जाड्यांच्या बरोबरीने होते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि रक्तात वाढलेलं बीसीएए हे कारण की परिणाम यावर अजून वाद चालू आहे. पण आपल्या लोकांना डायबिटीस कमी वजनातच गाठतो. म्हणून तर २०१५ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची रेषा २५ वरून २३ वर आणली. वर्षाच्या चेकअपला डॉक्टरकडे ए-वन-सी मागून घ्या, आणि डब्यातलं काय घेताय तेही त्यांना सांगा.