घटिकापात्र ते लोकल: ठाणे-कल्याणची बदलती वेळ

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की हळूहळू भरते आणि 24 मिनिटांनी बुडते. ही झाली एक घटका. घटकेची 60 पळे, साडेसात घटकांचा एक प्रहर आणि 60 घटकांचे एक अहोरात्र. आगगाडी येण्यापूर्वी ठाणे-कल्याण परिसरात वेळ याच मापांनी मोजली जाई. मोजणीचा आरंभ सूर्योदयापासून होई. म्हणून प्रत्येक गावाची वेळ ही त्या गावच्या सूर्याची वेळ असे. पूर्व-पश्चिम एका अंशाच्या अंतराने सूर्य चार मिनिटे आधी किंवा नंतर माथ्यावर येतो. त्या हिशेबाने कल्याणची माध्यान्ह मुंबईच्या मिनिटभर आधी होते. बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला हे मिनिट जाणवण्याचे कारण नव्हते.

खाडीकाठची वेळ याहून वेगळी होती. ठाणे आणि कल्याण ही दोन्ही जुनी बंदरे. गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, म्हणून तिचा मेळ सूर्याशी नव्हे, चंद्राशी बसतो. कोकणात तिचा ठोकताळा तिथीवरून बांधतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. खाडीत आतवर पाणी चढायला आणखी वेळ लागतो.

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. 34 किलोमीटरच्या या मार्गावर साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने 14 डबे ओढत होती. 1 मे 1854 रोजी मार्ग कल्याणपर्यंत वाढला. बोरघाटातून 1863 मध्ये आणि थळघाटातून 1865 मध्ये गाड्या जाऊ लागल्या, तेव्हा पुण्याकडचा आणि नाशिककडचा हे दोन्ही मार्ग कल्याणलाच फुटत असल्याने ते मोठे जंक्शन झाले. गावोगावच्या वेळा आता अडचणीच्या ठरल्या. वेळापत्रक एका घड्याळावर बांधावे लागते, आणि एकाच रुळावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या घड्याळांत फरक असला तर अपघात ओढवतो.

रेल्वेने त्यासाठी मद्रास वेळ स्वीकारली. मद्रासला 1792 पासून वेधशाळा होती आणि मद्रासची वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या वेळांच्या साधारण मध्ये पडत होती. ती ग्रीनिचच्या 5 तास 21 मिनिटे पुढे होती, तर मुंबईची 4 तास 51 मिनिटे. त्यामुळे फलाटावरचे घड्याळ गावाच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे चाले. वेळापत्रकात सहाची असलेली गाडी गावच्या साडेपाचला सुटे, आणि ज्याला हे ठाऊक नसे त्याची ती चुके.

1 जानेवारी 1906 पासून 82.5 अंश पूर्व रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने मुंबईचे घड्याळ 39 मिनिटे पुढे न्यावे लागत होते. कल्याणसाठी हाच फरक सुमारे साडेसदतीस मिनिटांचा. हा बदल एका सरकारी हुकमाने झाला. मुंबईत मात्र तो सहज पचला नाही. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण तेवढ्याच घड्याळी वेळेला कामावर जायचे तर प्रत्यक्षात 39 मिनिटे लवकर उठावे लागणार होते. मुंबई महापालिकेनेही 'मुंबई वेळ' चालू ठेवली, आणि ती 1950 च्या दशकात कुठे बंद झाली. रेल्वे प्रमाणवेळेवर धावत असल्याने ठाणे-कल्याणहून शहरात येणाऱ्यांना दोन्ही वेळांचा हिशेब ठेवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात घड्याळे आणखी एक तास पुढे नेली होती.

उपनगरी लोकल सुरू झाल्यावर मोजमाप मिनिटावर आले. नोकरदार प्रवासी गाडीला क्रमांकाने नव्हे, तर 'आठ-तेराची फास्ट' अशा वेळेच्या नावाने ओळखतात. याच दिनक्रमावर निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' हा चित्रपट 2005 मध्ये आला. रोजची ठरलेली गाडी पकडणारा मध्यमवर्गीय माणूस एक दिवस त्या चक्रातून बाहेर फेकला जातो, हे त्याचे कथासूत्र.

जुन्या मोजणीचे अवशेष अजून उरले आहेत. पंचांगातले मुहूर्त प्रमाणवेळेत छापले जात असले, तरी सूर्योदयावर अवलंबून असलेली गणिते स्थानिक रेखांशानुसार बदलावी लागतात. 'घटका भरली' हा वाक्प्रचार घटिकापात्राची आठवण जपून आहे. कल्याणात सूर्य सरासरीने घड्याळाच्या 12 वाजून 38 मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो, आणि खाडीतली भरती आजही तिथीप्रमाणेच चढते.