बारव, नारू आणि नळ

मराठवाड्यातील बारवांच्या शिल्पाचे कौतुक अवश्य करावे; परंतु त्याच पायऱ्यांवरून नारूचा रोगी पाण्यात उतरे, नारूची पिल्ले सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात शिरत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने दोन हात लांबीचा किडा बाहेर पडे. पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्याने गाळले; १९९६ नंतर भारतात नारूचा एकही रोगी आढळला नाही.

देगलूरसारख्या गावी नळ आले, बारवेचे भय सरले. तथापि जेथे नळ दिवसाआड सुटतो, तेथे रिकामी नळी फटींतून गटाराचे पाणी ओढून घेते. म्हणून क्लोरिनची परीक्षा टाकीपाशी नव्हे, शेवटल्या घरच्या तोटीशी व्हावी. तेथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा.