आवळणे, भरणे, बदलणे : स्पोर्ट्स मोटारीच्या शॉकअपचा घरगुती इतिहास

मोटारीच्या चाकाजवळ स्प्रिंगच्या सोबतीने बसवलेल्या ज्या नळकांड्याला मराठी मुलखातील गॅरेजांत सरसकट ‘शॉकअप’ आणि पुस्तकी मराठीत ‘धक्काशोषक’ म्हटले जाते, त्याचे हे नाव काटेकोर अर्थाने बरोबर नाही. कारण रस्त्यावरील खड्ड्याचा धक्का प्रत्यक्षात स्प्रिंग किंवा पाटे सोसतात, आणि दबलेली स्प्रिंग उसळल्यावर गाडी झुलत राहू नये, एवढे पाहणे हे या उपकरणाचे काम असते. ब्रिटिश अभियंते त्याला ‘डँपर’, म्हणजे हेलकावे शमवणारा, असे म्हणतात, आणि प्रस्तुत लेखातही त्यासाठी ‘शमक’ हाच शब्द योजला आहे. झिजलेला शमक काढून त्याजागी नवा बसवणे हे आज स्पोर्ट्स मोटारीच्या हौशी मालकाला घरच्या आवारात करता येण्याजोगे काम मानले जाते. तथापि ‘बदलणे’ हे क्रियापद या इतिहासात बरेच उशिरा आले. त्याआधी मालक शमकाचा नट आवळत असे, पुढे त्यात तेल भरू लागला, आणि शमक कारखान्यातच कायमचा बंद होऊन येऊ लागल्यावर तो बदलण्यावाचून त्याच्या हाती काही उरले नाही. उपकरणाची घडण पालटली तसतसे मालकाच्या हातचे कामही पालटले.

घोडागाडीच्या काळात शमकाची वेगळी गरज भासत नव्हती. ओबाडाया इलियट या लंडनच्या बग्गीकाराने १८०४ साली लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले, आणि एकावर एक रचलेले हे पोलादी पाटे दबताना परस्परांवर घासत असल्यामुळे त्या घर्षणातच उसळीचा बराचसा जोर जिरत असे. घोड्याच्या चालीला एवढे पुरे होते. मोटारीच्या वेगाला ते अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रुफो या फ्रेंच संशोधकाने तयार केलेला घर्षणशमक एडवर्ड हार्टफर्ड याने अमेरिकेत बनवून विकायला सुरुवात केली. त्याची रचना कात्रीसारखी होती : एक पाते गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे आसाला जोडलेले असे, दोन्ही पाती जिथे एकत्र येत तिथे लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या बसवून मधून बोल्ट ओवलेला असे, आणि चाक वरखाली झाले की या चकत्या एकमेकींवर घासून उसळीचे रूपांतर उष्णतेत करीत.

या घडणीत मालकाच्या हाती एक साधे पण थेट नियंत्रण होते. मधला नट आवळला की गाडी कडक होई, सैल केला की मऊ होई, आणि चकत्या झिजल्या तर तेवढ्याच नव्या घालता येत. १९२२ साली आलेली ब्रिटनमधील ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार अशाच घर्षणशमकांवर चालत असे. तिचे ७४७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सांगाडा तेवढा ठेवून त्यावर हलक्या पत्र्याची स्पोर्ट्स मोटार घरीच रचण्याची जी चाल पडली, तिला १९३९ साली स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने संघटित रूप दिले. घर्षणशमकाचा मूळ दोष मात्र आवळण्याने जाणारा नव्हता. थांबलेल्या चकत्या हलवायला जितका जोर लागतो तितका त्या सरकू लागल्यावर लागत नाही. त्यामुळे बारीक खाचखळग्यांवर शमक अडून बसे आणि गचके थेट अंगावर येत, उलट मोठ्या खड्ड्यावर, जिथे प्रतिकार वाढायला हवा, तिथे तो उणा पडे.

या अडचणीवर उतारा सापडला तो द्रवाच्या गुणधर्मात. तेल बारीक छिद्रातून सावकाश ढकलले तर सहज जाते आणि झपाट्याने ढकलू गेल्यास तितकाच जोराचा विरोध करते. म्हणजेच त्याचा प्रतिकार हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो, आणि शमकाला हवा असतो तो नेमका हाच गुण. फ्रान्समधील मोरिस हुदाय याने या तत्त्वावर फिरत्या पात्यांचा तेलशमक तयार केला, आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीच्या चारही चाकांना हुदाय पद्धतीचे शमक बसवलेले असल्यामुळे ही कल्पना श्रीमंतांच्या गाड्यांपुरती उरली नाही. ब्रिटनमध्ये तिचे जे रूप रुजले ते तरफशमकाचे होते. त्यात धातूच्या ओतीव पेटीत तेल भरलेले असे, पेटीबाहेर आलेली तरफ चाकाबरोबर हले, आणि आतले दट्टे तेल झडपांतून इकडून तिकडे ढकलत.

या तरफशमकाची सर्वांत बोलकी साक्ष मे १९५८ मध्ये मोंटे कार्लो येथे सादर झालेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइट या दोन आसनी मोटारीत सापडते. बॉनेटवर डोळ्यांसारख्या उभ्या राहिलेल्या दिव्यांमुळे ‘बेडूकडोळी’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी मुद्दाम स्वस्त ठेवलेली होती, आणि त्यासाठी ९४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाप्रमाणेच तिचे पुढचे निलंबन, म्हणजे चाके सांगाड्याला लवचिकपणे जोडणारी रचना, ऑस्टिन ए३५ या घरगुती मोटारीतून उचललेले होते. या रचनेत पुढच्या शमकाची तरफ दुहेरी कामाची होती : ती तेल ढकलत असे, शिवाय चाक उभे धरून ठेवणारा वरचा दांडाही तीच असे. त्यामुळे पुढचा शमक सुटा केला की चाकाचा वरचा आधारच निघून जाई आणि दाबात असलेली स्प्रिंग खालचा दांडा जोराने खाली ढकलू पाही.

या कामाचा घरगुती क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला असे. गाडीचा सांगाडा पक्क्या घोड्यांवर टेकवायचा, चाक काढायचे, स्प्रिंगखालच्या बशीला जॅकचा टेकू देऊन स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच धरून ठेवायची, आणि मगच वरच्या सांध्याची पिन काढून शमकाचे बोल्ट सोडवायचे. हा टेकू विसरल्यास हात चिरडण्याची भीती असे. नुसते तेल पाहायचे असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नसे. पेटीच्या डोक्यावरील प्लगभोवतीचा चिखल आधी पुसून काढायचा, कारण एखादा खडा आत पडला तरी झडपा बिघडत. मग प्लग उघडून तेल ठरावीक पातळीपर्यंत भरायचे. शमक काढून बाकावरच्या शेगड्यात धरला असेल, तर तेल ओतताना तरफ हाताने सावकाश पूर्ण वरखाली करीत राहायची. आत हवा अडकलेली असते तोवर तरफ काही अंतर पोकळ, विनाविरोध फिरते आणि हवा निघून गेल्यावर दोन्ही दिशांना सारखी जड लागते. हा फरक ओळखायला मापयंत्र लागत नसे.

हे काम मालकाच्या अंगणात होण्यामागे हौसेइतकीच आर्थिक कारणे होती. ब्रिटनमध्ये १९४० साली लागू झालेला खरेदीकर नव्या मोटारीवर बसत असे, पण सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीवर तो बसत नसे. लोटस सेव्हनसारख्या स्पोर्ट्स मोटारी ग्राहकाने घरी जोडण्यासाठी विकल्या जात त्या याच सवलतीमुळे, आणि १९७३ साली मूल्यवर्धित कर आला तेव्हा ही सवलत संपली. दुसरीकडे सप्टेंबर १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली, १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली, आणि जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्याला ती दुरुस्त राखण्याची विद्या आपसूकच शिकावी लागली.

या विद्येला ग्रंथरूप देणारा माणूसही स्प्राइटमुळेच पुढे आला. शाळकरी वयात ऑस्टिन सेव्हनवरून स्पोर्ट्स मोटार रचून १९५६ साली त्यावर पुस्तिका काढणारे जॉन हेन्स पुढे ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झाले. एडनमध्ये नेमणुकीवर असताना एका सहकाऱ्याच्या बेडूकडोळी स्प्राइटच्या दुरुस्तीत त्यांच्या लक्षात आले की, कारखान्याचे अधिकृत पुस्तक प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेले असून सामान्य मालकाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यांनी गाडी खोलताना आणि पुन्हा जोडताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली, आणि १९६६ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या दुरुस्तीपुस्तकाची ३,००० प्रतींची आवृत्ती तीन महिन्यांच्या आत संपली. सुटा भाग हाती धरलेला छायाचित्रात दिसल्यामुळे, ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाचकाला वाटू लागले.

तोवर शमकाची जात मात्र पालटू लागली होती. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दुर्बिणी शमक १९३० च्या दशकापासून पसरत होता. त्याचे प्रसिद्ध अमेरिकी उत्पादक असलेल्या मन्रो कंपनीचा धंदा १९१६ साली टायरमध्ये हवा भरण्याच्या पंपांपासून सुरू झाला होता. फ्रान्समधील द कार्बोन यांनी एकाच नळीत तेलाखाली दाबाचा नायट्रोजन भरून, दोहोंमध्ये तरंगता दट्ट्या ठेवण्याची पद्धत काढली. सततच्या घुसळणीने तेलाचा फेस होऊन शमक निकामी होण्याचा धोका तिने घटवला, आणि जर्मनीतील बिल्श्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात हे शमक मर्सिडीझ मोटारींपर्यंत पोहोचवले. दाबाचा वायू भरलेली ही नळी बंदच असावी लागते. तिला भरण्याचा प्लग नाही, आणि ती गळू लागली की फेकून देणे हाच घरगुती मालकापुढचा मार्ग असतो.

या बदलाने काम सोपे झाले असे म्हणता येत नाही. १९६१ च्या जग्वार ई-टाइपच्या मागच्या बाजूला प्रत्येक चाकाला दोन, असे स्प्रिंगसह चार शमक होते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी रचना, जिच्यात शमक हाच चाकाचा उभा खांब असतो, तीही स्पोर्ट्स मोटारींत आली, आणि १९६९ च्या डॅटसन २४०झेडमध्ये ती चारही चाकांना होती. अशा खांबावरील स्प्रिंग खास शिकंज्याने दाबून धरल्यावाचून माथ्याचा नट सोडला, तर ती जीवघेण्या वेगाने सुटते. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये आणखी एक बारकावा पाळावा लागतो : दांड्यांच्या सांध्यांत रबरी गुटके असतात, आणि त्यांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पक्के आवळले तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो; म्हणून शेवटचा फास गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच द्यायचा असतो. मालकाचे कौशल्य शमकाच्या आतून बाहेर, त्याच्या भोवतालच्या सांध्यांत सरकले ते असे.

जुनी क्रियापदे त्यामुळे नाहीशी झाली नाहीत. हॉलंडच्या कोनी कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या शमकात दांडा पूर्ण आत दाबून फिरवला की प्रतिकार वाढतो, म्हणजे आवळण्याची मुभा नव्या घडणीत पुन्हा मिळाली. महाराष्ट्रात, जिथे गॅब्रिएल इंडिया या १९६१ साली मुंबईत सुरू झालेल्या कंपनीने देशी शमकांचे उत्पादन रुजवले, तिथे दुचाकीच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील बदलून नवे तेल भरून देणे हे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे रोजचे काम आहे. २००२ पासून काही अमेरिकी मोटारींत आलेल्या चुंबकीय शमकात तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात आणि विजेच्या प्रवाहाने ते क्षणात घट्ट करता येते. असा शमक काढून साधा बसवला तर गाडीचा संगणक बिघाडाचा दिवा लावतो. बेडूकडोळी स्प्राइटचे तरफशमक आज नव्या बेअरिंग-सीलांसह जीर्णोद्धार करून, जुना परत घेण्याच्या बोलीवर विकले जातात; म्हणजे तिच्या मालकालाही आता बदलणेच पत्करावे लागते, पण बदलून आणलेल्या पेटीच्या डोक्यावरचा प्लग अजून साध्या पान्ह्याने उघडतो आणि तेल त्यालाच पाहावे लागते.