इमान आणि लाट

रायगडावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ साली उभारला गेला. शिवरायांच्या चितेत त्याने उडी घेतली, या कथेला समकालीन कागदपत्रांत आधार सापडत नाही. तरी ती आपल्याला प्रिय आहे. कुत्र्याच्या इमानाची आपली कल्पनाच तशी आहे.

आमच्या परभणीकडे गोदाकाठचा धनगर कुत्र्याला मेंढरे राखायला शिकवतो. कॅलिफोर्नियात हौशी मंडळी त्याला फळीवर उभे राहायला शिकवून समुद्राच्या लाटांवर सोबत नेतात. न्यावे का?

महाभारतात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. कुराणातल्या गुहेच्या कथेत कुत्रा सोबत येतो आणि उंबऱ्यावर पाय पसरून बसतो. तेही इमानच. म्हणून मित्रहो, कुत्र्याला जरूर शिकवावे. पण लाट पाहून तो मागे सरला, तर धन्यानेही थांबायला शिकावे.